तेलकट जमिनीला डाळीचा उतारा

एइलातहून उत्तरेला, अरावाच्या रस्त्यालगत एव्रोना नावाचे राखीव रान आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी सुट्टीला एइलातला जाताना ते बसच्या खिडकीतून पाहिले असेल आणि पाहून विसरूनही गेले असतील. कारण लांबून तिथे दिसते तरी काय? पिवळी माती, थोडी काटेरी झाडे, आणि पलीकडे अदोमचे लाल डोंगर. ३ डिसेंबर २०१४ च्या रात्री या रानाच्या वरच्या अंगाला, बेएर ओराजवळ, एइलात ते अश्केलोन जाणारी कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. तिम्ना इथे नवा विमानतळ व्हायचा होता (तोच २०१९ साली रामोन विमानतळ म्हणून सुरू झाला), आणि त्यासाठी पाइपाची जागा बदलण्याचे काम चालले होते. जमिनीवर सांडलेले तेल आधी दहा लाख लिटर असेल असे सांगितले गेले. मग आकडा वाढत वाढत ५० लाख लिटरपर्यंत गेला. वाऱ्याबरोबर वास सरहद्द ओलांडून अकाबापर्यंत पोचला आणि जॉर्डनमध्ये ऐंशीच्या वर लोकांना श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात जावे लागले.

आता तेल वाहते कुठे? पाणी वाहते तिथेच. रानातले कोरडे ओढे आयतेच तयार होते, त्यांच्यातून ते काळे पाणी उतारावर धावत सुटले. आणि वाळवंटात झाडे कुठे असतात? तीही ओढ्यातच, कारण वर्षाकाठी जो काही थेंब पडतो तो तिथेच मिळतो. म्हणजे तेलाने नेमकी झाडांचीच वाट धरली.

ही झाडे कोणती, ते सांगितले तर आपल्या आजी-आजोबांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. हिब्रूत त्यांना शिटा म्हणतात, मराठीत बाभूळ. आपल्या गावाकडची बाभूळ आणि अरावातली शिटा या अगदी एकच जात नव्हेत, पण चुलतबहिणी म्हणायला हरकत नाही. तेच लांब पांढरे काटे, तीच बारीक पाने, तेच गोल पिवळट फुलांचे गोंडे आणि त्याच शेंगा. मिश्कान बांधला त्याला लाकूड शिटीमचे होते हे आपण तोरात वाचतोच. आम्हांला मात्र या लेखापुरते त्या लाकडापेक्षा शेंगांचे महत्त्व जास्त आहे. कारण ज्या झाडाला अशी शेंग लागते ते बहुतेक वाटाणा, वाल, तूर, हरभरा, भुईमूग यांच्याच मोठ्या घराण्यातले असते. या घराण्याला मराठीत शिंबी कूळ म्हणतात. शिंबी म्हणजेच शेंग. आणि या घराण्याच्या अंगी एक असा गुण आहे की तेलाने नासलेली जमीन पुन्हा ताळ्यावर आणण्यासाठी शास्त्रज्ञ आज त्याच्याकडे आशेने बघत आहेत.

बालदोस्तांनो, पहिला प्रश्न तुम्हीच विचाराल: झाड तेल पिते का? नाही हो! झाडाला तेल अजिबात आवडत नाही. मग ते तेल जाते कुठे?

ते खातात मातीतले जिवाणू. एक चिमूट बागेची माती घेतली तर तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात, आणि त्यांतल्या काहींना कच्चे तेल पचते. हे काही कारखान्यात तयार केलेले नव्हेत, ते निसर्गातच आहेत. कारण कच्चे तेल म्हणजे तरी काय, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या बारीक जीवांचेच ते शिल्लक राहिलेले रूप. जे एकदा जिवंत होते ते कुणीतरी खातेच. तेलात मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतात. त्यांतला कार्बन जाळून हे जिवाणू शक्ती मिळवतात, वाढतात, एकाचे दोन होतात, आणि शेवटी उरतो तो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

मग अडचण कुठे आली? अडचण जेवणात आहे. समजा तुम्हांला कोणी महिनाभर नुसता भात वाढला. वरण नाही, मासळी नाही, अंडे नाही, नुसता भात. पोट भरेल, पण अंगात ताकद येणार नाही आणि उंची वाढणार नाही. कारण अंग बांधायला प्रथिने लागतात आणि प्रथिनांत नायट्रोजन असतो. जिवाणूंचेही अगदी तसेच आहे. सांडलेले तेल म्हणजे त्यांच्यापुढे भाताचा डोंगर. त्यात नायट्रोजन जवळजवळ नाहीच. मातीत जो थोडाफार असतो तो पहिल्या पंगतीलाच संपतो आणि मग समोर एवढे अन्न असूनही जिवाणू उपाशी बसतात. डोंगर तसाच राहतो, वर्षानुवर्षे.

या कामातल्या जाणकारांचा एक ढोबळ हिशेब आहे: शंभर भाग कार्बनला दहा भाग नायट्रोजन आणि एक भाग फॉस्फरस. या हिशेबाने एक किलो मातीत ५० ग्रॅम तेल मुरले असेल, तर ते पचवायला चारेक ग्रॅम नायट्रोजन लागेल. वाळवंटाच्या मातीत किलोमागे एक ग्रॅमही नसतो.

नायट्रोजन बाहेरून आणून टाकता येतो, म्हणजे युरियाचे पोते. तेल सांडलेल्या पुष्कळ जागी तसे करतातही. पण खत पाण्याबरोबर वाहून जाते, विहिरीच्या पाण्यात उतरते, आणि जास्त पडले तर जिवाणूंनाच त्याचा त्रास होतो. शिवाय ते पुन्हा पुन्हा विकत आणायचे. इथे आपले शिंबी कूळ पुढे येते. भाताला डाळ कोण देणार? डाळीचेच झाड!

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. आपण दर श्वासाला तो आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर टाकतो, आपल्या काही उपयोगाचा नाही. झाडांनाही तो थेट घेता येत नाही. पण वाटाणा, वाल, हरभरा अशांच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू भाडेकरू म्हणून राहतात. झाड त्यांना साखर देते. ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात देतात. घरभाडे असे धान्याने चुकते होते. जर्मनीच्या हेल्रीगेल या शास्त्रज्ञाने १८८६ साली बर्लिनमध्ये हे सप्रयोग मांडले. त्याने नुसत्या वाळूत ओट आणि वाटाणे लावून पाहिले होते. नायट्रोजनचे खत न देता ओट खुरटले, पण वाटाणे, मुळांवर गाठी आल्या की, जोमाने वाढत. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठींतले जिवाणू वेगळे काढून दाखवले.

शास्त्रज्ञांना हे १८८६ साली कळले, पण आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला त्याचा फायदा त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. भात कापला की त्याच खाचरात, जमिनीत ओल आहे तोवर, वाल टाकायचे. वेगळे पाणी नको, खत नको. वालाला दव पुरते, आणि पुढच्या भाताला जमिनीचा कस राहतो. अलिबाग-रेवदंड्याकडची मंडळी हे वाचताना वालाच्या बिरड्यात आणि पोपटीत गुंतली असतील याची आम्हांला कल्पना आहे! मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, आणि वर जाळ. पण आज गोष्ट ताटातल्या वालाची नसून मातीखालच्या वालाची आहे, तेव्हा तोंडाला सुटलेले पाणी जरा आवरा.

आणि तेलाचे म्हणाल तर तो आपला घरचाच विषय. आपले पूर्वज कोकणात घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून तर गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. घाण्याभोवती रोज तेल सांडायचे, तरी तिथली जमीन कधी मेली नाही. एक तर तिळा-खोबऱ्याचे तेल जिवाणूंना कच्च्या तेलापेक्षा फारच सोपे जाते. आणि दुसरे, तेल काढून उरायची ती पेंड, तिच्यात नायट्रोजन भरपूर. ती गुरांना घालत आणि झाडांच्या बुंध्याशीही टाकत. भात आणि डाळ एकाच घाण्यातून निघत होते म्हणा ना. खनिज तेलाला अशी पेंड नसते, हीच त्यातली मेख आहे.

आता कुवेतला जाऊ. १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आपण इथे सीलबंद खोल्यांत गॅस मास्क लावून बसलो होतो, ते मोठ्यांना आठवत असेलच. त्याच युद्धात माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या ६०० हून जास्त तेलविहिरींना आगी लावल्या. शेवटची आग विझायला नोव्हेंबर उजाडला. ज्या विहिरी पेटल्या नाहीत, नुसत्याच फुटल्या, त्यांतून तेल उसळून वाळवंटात शेकडो काळी तळी साचली. सगळ्यांना वाटले, आता इथे गवताची काडी उगवणार नाही.

पण पुढच्या वर्षांत, जिथे तेलाचा थर फार जाड नव्हता अशा कडेच्या जागी, काही रानटी रोपे उगवलेली दिसली. कुवेत विद्यापीठातले समीर रदवान आणि त्यांचे सहकारी यांनी ती उपटून पाहिली. भोवतालची वाळू काळीकुट्ट, आणि मुळे मात्र पांढरीशुभ्र! मुळांना चिकटून आलेली वाळूसुद्धा स्वच्छ. तपासले तेव्हा त्या चिकटलेल्या वाळूत तेल खाणारे जिवाणू दूरच्या वाळूपेक्षा फार मोठ्या संख्येने निघाले. १९९५ साली नेचर या जगप्रसिद्ध साप्ताहिकात त्यांनी ही गोष्ट अगदी थोडक्यात छापली. आम्हांला या सगळ्या विषयातले हे चित्र सर्वांत आवडते: डांबरातून बाहेर आलेले पांढरे मूळ.

ते रानटी रोप शिंबी कुळातले नव्हते, ते सूर्यफुलाच्या घराण्यातले होते. त्यावरून एवढे कळले की मूळ कुठलेही असो, ते मातीत थोडी साखर आणि आंबटसर रस सोडते, मातीला भेगा पाडून हवा आत नेते, आणि मुळाच्या आसऱ्याला जिवाणूंची वस्ती वाढते. (तेल पचवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना प्राणवायू लागतो. घट्ट दाबलेल्या तेलकट मातीत तो पोचत नाही.) मग त्या मंडळींनी पुढचा विचार केला. जर साध्या मुळाने एवढे होते, तर नायट्रोजनची गाठ असलेले मूळ काय करेल? त्यांनी तेलकट वाळूत दोन पिके लावली: फूल आणि तुर्मुस.

इथे थांबून खुलासा करायला हवा, नाहीतर आजी विचारतील, कुठले फूल, गुलाब की मोगरा? आपल्याकडे फूल म्हणजे पुष्प. इथल्या बाजारात फूल म्हणजे तो मोठा चपटा तपकिरी दाणा, जो हुमुसवर घालून देतात. तुर्मुस म्हणजे ते पिवळे चपटे दाणे, मिठाच्या पाण्यातले, जे आपण साल काढून तोंडात टाकतो. त्याचीच निळी रानटी बहीण फेब्रुवारी-मार्चमध्ये एला खोऱ्यातल्या तुर्मुसांच्या टेकडीवर फुलते आणि अर्धा देश फोटो काढायला जातो. दोन्ही शिंबी कुळातलीच.

फूल तेलकट वाळूत तग धरून राहिला, तुर्मुस त्या मानाने नाजूक निघाला. आणि गाठी तपासल्यावर आणखी एक गोष्ट हाती आली, जी २००९ साली प्रसिद्ध झाली. गाठीच्या आत रायझोबियम नायट्रोजन तयार करीत असतात, आणि त्याच गाठीच्या बाहेरच्या अंगाला तेल खाणाऱ्यांची दाट वस्ती असते. स्वयंपाकघराच्या दारातच पंगत बसली म्हणायची. गाठींसकट मुळे तेलकट मातीत घातली तर तेल लवकर कमी होते, असे त्यांना दिसले. फिनलंडमध्येही गॅलेगा नावाची गुरांच्या चाऱ्याची वनस्पती आणि तिचा स्वतःचा रायझोबियम घेऊन असेच प्रयोग झाले. लसूणघास तर अनेक देशांत या कामी लावून पाहिला आहे. त्याची मुळे खोल जातात आणि एकदा पेरला की चार-पाच वर्षे बघावे लागत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, चला, सगळीकडे वाल-वाटाणे पेरू आणि मोकळे होऊ. तसे नाही. वेनेझुएलात जड कच्चे तेल पाच टक्के मिसळलेल्या मातीत तीन जातींच्या शिंबी वनस्पती आणि काही गवते लावली होती. शिंबी वनस्पती सहा ते आठ आठवड्यांत मेल्या. टिकले आणि उपयोगी पडले ते एक गवत. २००५ साली हा निकाल छापून आला आणि आमच्या मते तो कुवेतच्या निकालाइतकाच महत्त्वाचा आहे. बी रुजताना तेल आड येते, कोवळ्या मुळाला पाणी मिळत नाही, गाठी धरण्याच्या आधीच रोप दमते. डाळ शिजेपर्यंत चूल टिकली पाहिजे ना!

आम्ही कागदावर एक हिशेब करून पाहिला. एक दुनाम जमीन, वरची दहा सेंटिमीटर माती, म्हणजे साधारण १५० टन. तिच्यात तेल अर्धा टक्का असेल तर ते झाले ७५० किलो, आणि वर सांगितलेल्या ढोबळ नियमाने त्याला चौसष्ट किलो नायट्रोजन हवा. फुलाचे चांगले पीक एका हंगामात दुनामाला दहा ते वीस किलो नायट्रोजन हवेतून ओढते. पंधरा धरू. म्हणजे चार-पाच हंगामांत काम होण्यासारखे आहे. पण तेल पाच टक्के असेल तर? चौसष्टचे सहाशे चाळीस झाले, आणि हंगाम लागले बेचाळीस-त्रेचाळीस! तेलकट जमिनीत पीक अर्धमेले असते ते वेगळेच. खरे तर तेवढा सगळा नायट्रोजन लागत नाही, कारण जिवाणू मेले की त्यांच्यातला नायट्रोजन पुढच्या जिवाणूंना मिळतो. पण अंदाज यायला हा हिशेब पुरे. जाड थर आधी यंत्राने उचलायचा, थोडे खत-पाणी आणि हवा द्यायची, आणि मातीत जे थोडके, पसरलेले, शिल्लक तेल राहते त्यावर शेंगवाली झाडे लावायची. त्यांची जागा ती आहे. मूळ जिथवर जाते तिथवरच त्यांची सफाई, त्याच्या खालचे तेल तसेच राहणार. तेलातले हलके भाग आधी उडतात, सरळ साखळीचे जिवाणू आधी खातात, आणि डांबरासारखे जड भाग शेवटपर्यंत राहतात.

आणि हो, अशा जमिनीतले दाणे ताटात वाढायचे नाहीत. हे पीक खायला नसते, जमिनीसाठी असते. घरच्या गृहिणींनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण उगवलेला वाल फेकायचा म्हटले की आपला जीव तुटतो.

आता पुन्हा एव्रोनाला येऊ. २०१४ चा अपघात हा तिथला पहिला नव्हता. १९७५ साली याच रानात पाइपलाइन फुटून तेल वाहिले होते, आणि ते तेल तर २०१४ पेक्षाही जास्त असावे असे मानतात. त्या वेळी साफसफाई अशी काही झाली नाही, तेल जिथे मुरले तिथेच राहिले. त्यामुळे २०१४ नंतर शास्त्रज्ञांना एक विचित्र सोय झाली. चाळीस वर्षांनी काय होते ते बघायचे, तर शेजारीच १९७५ चा तुकडा होता.

तिथे त्यांनी काय पाहिले? मोठ्या शिटा उभ्या होत्या. त्यांची मुळे खोल, तेल वरवरचे, म्हणून त्या वाचल्या. फुलत होत्या, शेंगा देत होत्या. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, काही बिघडले नाही. पण झाडाखाली पोरेबाळे नव्हती. स्वच्छ भागात लहान, मध्यम, मोठी अशी सगळ्या वयांची झाडे दिसतात. तेलकट भागात लहान झाडे फारच थोडी. कुंड्यांतून त्याच मातीत शिटेचे बी लावून पाहिले तेव्हा रुजण्यात आणि रोपाच्या वाढीत फरक स्पष्ट दिसला.

कारण पाण्याचे आहे. तेलाचा लेप बसलेली माती पाणी घेत नाही. तेलकट तव्यावर पाणी शिंपडले की थेंब गोळा होऊन घरंगळतो, तसे. एइलातच्या बाजूला वर्षाला पाऊस जेमतेम ३० मिलिमीटर, आपल्या कोकणात एका दुपारच्या सरीत पडतो तेवढा. तोही आत मुरला नाही तर बी करणार काय? शिटेच्या बीचे आधीच हाल असतात. साल दगडासारखी कडक. अर्ध्याअधिक बिया भुंगे पोखरतात. हरणाने शेंग खाल्ली, बी त्याच्या पोटातून बाहेर पडले, मग एखाद्या वर्षी ओढ्याला पूर आला, तर कुठे ते रुजते. (एव्रोनाची हरणे आपल्या चिंकाऱ्याच्या घराण्यातली. हिब्रूत त्सवी.) इतक्या अडचणींतून पार पडलेले बी शेवटी तेलाच्या खपलीवर येऊन पडते.

म्हणून एव्रोनात गोष्ट उलटी झाली आहे. जे झाड तेलकट जमिनीला मदत करू शकले असते, त्यालाच आधी मदत हवी आहे. तिथे ट्रॅक्टर घालून लसूणघास पेरायला हे काही कुणाचे शेत नव्हे. हे राखीव रान आहे. नांगर घातला तर तेलाबरोबर वाळवंटाच्या मातीचा वरचा नाजूक कवचही जाईल, आणि त्यातच तर सगळे बी आणि जिवाणू असतात. अपघातानंतर साचलेले तेल पंपाने ओढून काढले, फार भिजलेली माती उचलून नेली. बाकीच्या मातीचे काय करायचे यावर बराच वाद झाला. एव्रोनाची माती प्रयोगशाळेत नेऊन तिला ओल आणि थोडे खत दिले तेव्हा तिच्यातले मूळचेच जिवाणू जागे होऊन तेल खाऊ लागले, असे दिसले. बाहेरून जिवाणू आणण्याची गरज नाही, पाणी आणि डाळ दिली की पुरे. पण वाळवंटातल्या रानाला पाणी आणि खत घालत बसणे म्हणजे त्याचे वाळवंटपण मोडणे, अशीही बाजू आहे. आमचे मत विचाराल तर १९७५ सारखे सोडून देणे हे काही उत्तर नव्हते, हे त्या मोकळ्या जागाच सांगतात. निदान ओढ्यांच्या पट्ट्यात, शिटेच्या रोपांभोवतीची खपली मोडून पहिली दोन-तीन वर्षे त्यांना हाताने पाणी देणे, एवढे तरी करण्यासारखे आहे. एकदा मूळ तेलाच्या खाली गेले की पुढचे ते स्वतः बघते.

आता मुलांसाठी काम. हे सबा-सावतांबरोबर करायचे. हिवाळ्यात, पहिला पाऊस झाल्यावर, अंगणात किंवा मोठ्या कुंडीत फुलाचे किंवा वाटाण्याचे पाच-सहा दाणे लावा. कुंडीत बाजारची पिशवीतली माती नको. बाहेरच्या शेताची किंवा बागेची माती घ्या, कारण रायझोबियम तिच्यात असतात. प्रत्येक डाळीचे भाडेकरू निराळे असतात बरे का. फूल आणि वाटाणा इथल्या मातीत जुने रहिवासी आहेत, त्यांना त्यांचे जिवाणू सापडतात. अलिबागहून पुडीत बांधून आणलेले वाल लावलेत तर वेल चढेल, शेंगाही धरतील, पण गाठी धरतीलच असे नाही.

झाडाला फुले येऊ लागली की एक रोप निवडा. ओढू नका, ओढले की गाठी मातीतच तुटून राहतात. भोवतीची माती भिजवून खुरप्याने रोप ढेकळासकट वर काढा आणि ढेकूळ बादलीतल्या पाण्यात हलवा. मुळांवर साबुदाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू आहे. तो रंग ज्या द्रव्याचा आहे ते आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याचे जवळचे नातेवाईक आहे. हिरवट किंवा तपकिरी निघाली तर ती गाठ म्हातारी झाली. पांढरी असेल तर अजून कामाला लागलेली नाही, उरलेली रोपे पंधरा दिवस तशीच ठेवा आणि मग दुसरे काढून पाहा.